एकसारख्या नावांची गावं: नातं खरं की योगायोग?

नकाशेवेडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज शेवटी धागा काढतोय.

अ‍ॅटलासच्या शेवटी नावांची जी सूची असते ना, ती वाचायचं मला वेड आहे, नकाशापेक्षा जास्त वेळ मी तीच वाचत बसतो आणि त्यात एकसारखी दोन नावं सापडली की वहीत टिपून ठेवतो. वही भरत आली तसं लक्षात आलं की या सगळ्या जोड्या एका जातीच्या नाहीयेत. काही ठिकाणी नाव खरंच इकडून तिकडे गेलंय आणि काही ठिकाणी दोन अनोळखी माणसं सारखी दिसावीत तसं झालंय.

तमिळनाडूतलं सेलम आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं सेलम घ्या. अमेरिकेतलं वसलं १६२६ मध्ये आणि त्याचं नाव बायबलमधून घेतलेलं, हिब्रूत 'शालेम', म्हणजे शांतीशी नातं असलेला शब्द, जेरुसलेममध्ये तोच आहे. तमिळनाडूतल्या सेलमचा संबंध डोंगराशी लावतात, आजूबाजूला सगळे डोंगरच आहेत, किंवा चेर राजांशी लावतात. काहीही धरलं तरी बायबलचा त्यात काही संबंध नाही. वर्तमानपत्रात मात्र दोन्हीकडे स्पेलिंगसुद्धा एकच.

जॉर्जियाचं तसंच. अमेरिकेतलं राज्य १७३२ च्या सनदेत राजा दुसरा जॉर्ज याच्या नावाने ठेवलं गेलं. कॉकेशसमधला जॉर्जिया देश स्वतःला साकार्तवेलो म्हणतो, बाहेरच्यांनी फारसी 'गुर्ज'वरून त्याचा जॉर्जिया केला. आणि गंमत म्हणजे याच देशाच्या जागी जे प्राचीन राज्य होतं त्याला ग्रीक लोक आयबेरिया म्हणायचे आणि त्याच्या शेजारच्या राज्याला अल्बेनिया! म्हणजे स्पेन-पोर्तुगालवाला आयबेरिया वेगळा, बाल्कनमधला अल्बेनिया वेगळा, आणि कॉकेशसमध्ये हे दोघे नावबंधू एकमेकांना खेटून. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती मला.

तर तुमच्याकडच्या जोड्या सांगा. आणि नातं खरं आहे की योगायोग हे ओळखायचं कसं, यावरही बोलूया.

वाटाड्या

मस्त विषय. माझ्याकडून बेसीन.

इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकात 'बेसीनचा तह' म्हणजे आपला वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२, दुसऱ्या बाजीरावाचा. पण इंग्रजांच्या कागदात ब्रह्मदेशातही एक बेसीन आहे, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातलं मोठं बंदर, आता पाथेन म्हणतात. दोन्हीची इंग्रजी अक्षरं हुबेहूब. जुनी कागदपत्रं चाळताना मी एकदा तासभर चुकीच्या बेसीनचा पत्रव्यवहार वाचत होतो आणि मला कळेना की इथे मराठे कुठे गेले.

वसई आणि पाथेन, म्हणून बघा बरं, काही साम्य वाटतं का? वसईचं पोर्तुगीजांनी 'बसाईं' केलं, तिथून इंग्रजांनी उचललं, आणि पाथेनचं काहीतरी करत त्याच साच्यात आणून बसवलं. म्हणजे हा योगायोग त्या गावांचा नाहीच, लिहिणाऱ्या कारकुनांचा आहे.

दोनओळी

वाचतेय. अल्बेनिया-आयबेरिया शेजारी हे माहीतच नव्हतं!

कोरी_पाटी

धागा आवडला पण एक मनापासून विचारते. प्रत्येक वेळी योगायोग म्हणून सोडून द्यायचं का? व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, कॅनडा आणि कानडा, असं आपण किती वर्षं ऐकतोय. एखादं असेल तर ठीक, पण इतकी नावं उगाच जुळतील का? आपले लोक समुद्रावरून लांबलांब जात होते हे तर खरंच आहे ना. मला हे नुसतं अभिमान म्हणून नाही, खरंच शक्य वाटतं.

जुनीलिपी

कोरी_पाटी, प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी शिलालेख ताम्रपट वाचणाऱ्यांपैकी आहे, तिथे एक सवय लागते ती सांगते. नाव आज कसं ऐकू येतं ते बाजूला ठेवायचं आणि त्याचं सापडेल तितकं जुनं लिहिलेलं रूप शोधायचं. दोन जुनी रूपं एकमेकांच्या जवळ जात असतील तर पुढे बोलायचं, लांब जात असतील तर थांबायचं.

आता तुमची तीन नावं. ऑस्ट्रेलिया हा लॅटिन 'ऑस्ट्रालिस'वरून, म्हणजे दक्षिणेकडचा. युरोपच्या नकाशांवर तो खंड सापडायच्या आधीपासून 'दक्षिणेची अज्ञात भूमी' म्हणून काढलेला असायचा, आणि फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीच्या १८१४ साली छापलेल्या नकाशानंतर ऑस्ट्रेलिया हे नाव रुळलं. म्हणजे शब्द कुठून आला त्याची पावलं दिसतात, त्यात अस्त्र कुठेच येत नाही. (याच्यापुढे ऑस्ट्रिया ठेवून बघा. दिसायला सख्खा भाऊ, पण तो जर्मन 'पूर्वेकडचं राज्य', इसवी सन ९९६ च्या दस्तऐवजात 'ओस्तारीकी' असं येतं. एक दक्षिण, एक पूर्व.)

कॅनडा हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला 'कनाता', अर्थ वस्ती किंवा गाव. १५३५ मध्ये जाक कार्तिए नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीला तिथल्या दोन तरुणांनी 'कनाता'कडे जायची वाट दाखवली, तो शब्द त्याने अख्ख्या मुलखाला लावला. आपला कानडा कर्नाटकवरून, आणि त्यात 'नाडू' म्हणजे प्रदेश हा द्राविडी शब्द आहे. दोघांची घरं पूर्ण वेगळी.

व्हॅटिकन हे रोममधल्या टायबर नदीपलीकडच्या टेकडीचं नाव, ख्रिस्ती धर्म तिथे पोचायच्या आधीपासूनचं. म्हणजे तिथे धर्मपीठ झालं म्हणून वाटिका नाव पडलं असं धरायला जागाच राहत नाही.

आणि हे फक्त परदेशी नावांबद्दल नाही हं, आपल्याकडेही आपण तेच करतो. सोलापूर म्हणजे सोळा गावांचं पूर असं सगळे सांगतात. पण बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या काळात त्या गावाला सोन्नलगे म्हणत होते. सोन्नलगेमध्ये सोळा कुठून काढणार? आधी नाव झिजलं, मग झिजलेल्या नावाला शोभेल अशी गोष्ट लोकांनी तयार केली. गोष्ट मला आवडतेच, ती लोकांच्या जिव्हाळ्यातून आलेली असते, पण ती नावाचा जन्मदाखला नाही.

आकडेमोड

"इतकी नावं उगाच जुळतील का" याला गणिताच्या बाजूने उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

समजा एखाद्या भाषेत १५ व्यंजनं आणि ५ स्वर आहेत, म्हणजे साधी अक्षरं झाली ७५. दोन अक्षरी नावं बनवायची तर ७५ गुणिले ७५, म्हणजे ५६२५ एवढीच शक्यता. आणि जगात गावं, नद्या, डोंगर, बेटं मिळून नावं किती असतील? लाखांच्या घरात. तेव्हा दोन अक्षरी नावं जुळली नाहीत तरच आश्चर्य. कोची बघा, केरळात एक आणि जपानच्या शिकोकू बेटावर एक. तीन-चार अक्षरांवर गेलात की जुळणं झपाट्याने अवघड होतं, म्हणून लांबलचक नाव जुळलं तर मी कान टवकारतो, छोट्यावर वेळ घालवत नाही.

दुसरं म्हणजे आपण जुळवताना फार उदार होतो. व चा ब चालतो, ट चा त चालतो, मधलं एखादं अक्षर गळलं तरी चालतं, शेवट वेगळा असला तरी चालतो. एवढी सूट दिली तर कोणतंही नाव कशालाही जुळेल. आणि जी हजारो नावं जुळली नाहीत त्यांची कुणी यादी करत नाही, जुळलेली दहाच फिरत राहतात.

वाटाड्या

कोची निघालंच आहे तर, व्हिएतनामच्या दक्षिण भागाला युरोपियन लोक कोचिनचायना म्हणायचे ते याच घोळामुळे. तिथलं मूळ नाव मलय लोकांच्या तोंडून 'कुची' असं काहीतरी पोर्तुगीजांच्या कानावर आलं, आपला केरळातला कोचीन त्यांना आधीच माहीत, मग दोन्हीत गल्लत नको म्हणून त्याला चायना जोडून टाकलं. योगायोगामुळे झालेली गैरसोय थेट देशाच्या नावात जाऊन बसली.

कोरी_पाटी

जुनीलिपी, खूप धन्यवाद, सोन्नलगेचं वाचून खरंच विचारात पडले. कॅनडा आणि अस्त्रालय मी सोडते. पण मग अयुथ्या? थायलंडमधलं अयुथ्या म्हणजे अयोध्या हेही योगायोगात टाकणार का तुम्ही? ते मला पटणार नाही.

नकाशेवेडा

अजिबात नाही टाकणार! तुमचा मुद्दा तिथे शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझ्या वहीतलं सगळ्यात आवडतं पान तेच आहे.

अयुथ्या ही अयोध्याच, चौदाव्या शतकात राजधानी वसवताना मुद्दाम ठेवलेलं नाव. जावा बेटावरच्या योग्यकर्तामधलं 'योग्य'सुद्धा तिथूनच. थायलंडमधलं फित्सनुलोक म्हणजे विष्णुलोक, लोपबुरी म्हणजे लवपुरी, आणि राचबुरी म्हणजे राजपुरी, म्हणजे कोकणातल्या राजापूरचं नावाने भावंडच. इथे फक्त एक नाव सुटं जुळत नाही, मागे अख्खी व्यवस्था जुळते. मंदिरं आहेत, संस्कृत शिलालेख आहेत, राजांची नावं संस्कृत आहेत, आणि 'पुरी'चं 'बुरी' एकाच नाही तर डझनभर नावांत त्याच पद्धतीने झालेलं दिसतं. नियमाने बदललेलं असलं की माझा विश्वास बसतो.

आणि आता एक जोडी जी मी कित्येक वर्षं योगायोगाच्या रकान्यात लिहून ठेवली होती आणि नंतर खोडावी लागली. दक्षिण थायलंडमध्ये सुरत थानी नावाचं शहर आहे आणि तिथून वाहणाऱ्या नदीचं नाव आहे तापी. सुरत आणि तापी! मला वाटलं एवढं जुळतंय म्हणजे कुठल्यातरी हजार वर्षं जुन्या व्यापाऱ्यांनी नेलं असणार, मग वाटलं की नाही, इतकं नेमकं म्हणजे उलट संशय घ्यायला हवा. खरी हकीकत दोन्हीपेक्षा वेगळी निघाली. १९१५ मध्ये तिथला राजा वजिरावुध याने त्या शहराचं नाव बदलून सुरत थानी केलं, आपल्या सुरतेवरून, आणि त्याच वर्षी नदीलाही तापी नाव दिलं. म्हणजे नातं शंभर टक्के खरं पण वय शंभर वर्षांच्या थोडंसं वर. खानदेशातून जी नदी वाहते तिचं नाव एका राजाने ठरवून समुद्रापार नेलं, कुठला जुना तांडा नाही की दंतकथा नाही.

तेव्हापासून मी जोडीपुढे 'कधी' हा रकाना पण आखतो.

दोनओळी

सुरत थानी वाचून अंगावर काटा आला. हे शाळेत का नाही सांगत?

तळटीप

असंच ठरवून नेलेलं नाव म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारिओमधलं लखनौ. १८५७ च्या लखनौच्या वेढ्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे गाजत होत्या, तिथून ते नाव आलं.

माझा मूळ मुद्दा मात्र कंधार. नांदेड जिल्ह्यातलं कंधार आणि अफगाणिस्तानातलं कंदहार. यावर मी अनेकदा वाचलंय की अफगाणांनी येऊन वसवलं म्हणून नाव पडलं वगैरे. पण नांदेडचं कंधार हे राष्ट्रकूटांच्या लेखांत कंधारपूर म्हणून येतं, म्हणजे दहाव्या शतकात, दख्खनमध्ये सुलतान यायच्या कितीतरी आधी. अफगाणिस्तानातल्या कंदहारचा संबंध कुणी सिकंदराच्या 'इस्कंदर'शी लावतं तर कुणी गांधारशी. यातलं जे खरं असेल ते असो, नांदेडच्या कंधारपर्यंत ते येत नाही.

आणि पुणे. राष्ट्रकूटांच्याच ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' असं येतं (विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत). भूतानची १९५५ पर्यंतची राजधानी कुठली, तर पुनाखा. पूनक आणि पुनाखा. आकडेमोड यांच्या हिशोबात तीन अक्षरं जुळली, तरी इथे दोन्हीकडे जोडणारा एक धागा मिळत नाही, म्हणून मी योगायोगच म्हणेन. हवाई बेटावर पुना नावाचा जिल्हाही आहे बरं का.

जुनीलिपी

तळटीप, कंधारचं अगदी बरोबर.

मुंबईचंही इथे नोंदवून ठेवते कारण त्यात व्याकरणाचा सुंदर पुरावा आहे. 'बॉम बाहिया' म्हणजे पोर्तुगीजमध्ये चांगली खाडी, त्यावरून बॉम्बे, असं अजूनही छापून येतं. पण पोर्तुगीजमध्ये बाहिया हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे खरा पोर्तुगीज माणूस 'बोआ बाहिया' म्हणेल, बॉम म्हणणारच नाही. आपण कुणी 'चांगला खाडी' म्हणू का? शिवाय १५१६ च्या सुमारास दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीजच 'ताना मायांबू' असं लिहून गेलाय. त्यात ठाणे ओळखू येतं आणि मुंबा पण ऐकू येते.

खुर्द_बुद्रुक

नाव बघून कळलंच असेल मी कशावर लिहिणार ते :)

महाराष्ट्रातल्या नकाशात वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, बाभूळगाव, पळसगाव, आंबेगाव किती आहेत ते मोजायला बसलात तर दमाल. इथे ना योगायोग आहे ना स्थलांतर. ज्या गावाच्या वेशीवर वड त्याचं वडगाव, झाडं सगळीकडे तीच, भाषा तीच, मग नावं वेगळी कशी होतील? कारण सारखं म्हणून नाव सारखं, ही तिसरी जात नकाशेवेडा यांच्या वहीत नाहीये असं मला वाटतं.

हैदराबाद याच जातीतलं. दख्खनचं १५९१ मध्ये कुतुबशहाने वसवलेलं, सिंधमधलं १७६८ मध्ये कल्होडा घराण्याने वसवलेलं. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं नाही, दोघांनीही हजरत अलींचं हैदर हे नाव घेतलं. आणि साष्टी! मुंबईची साष्टी आणि गोव्यातली साष्टी, दोन्ही 'षट्षष्टि' म्हणजे सहासष्ट गावांवरून आल्या असं सांगतात, इंग्रजीत एकीचं सालसेट झालं आणि दुसरीचं सालसेते.

मग सारखी नावं झाल्यावर ओळखायचं कसं, तर बुद्रुक आणि खुर्द. बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग', थोरला, आणि खुर्द म्हणजे धाकटा. महसुलाच्या दप्तरात दोन गावांचा सारा एकमेकांत मिसळू नये म्हणून लावलेली खूण, आणि आता लोक ती इतक्या सहज बोलतात की फारसी आहे हे कुणाच्या ध्यानात पण येत नाही. मला यात फार गोडवा वाटतो, की गावाला आपण माणसासारखं थोरलं-धाकटं म्हणतो.

नकाशेवेडा

तिसरी जात मान्य! वहीत नव्हतीच ती, आज आखतो.

वाटाड्या

याच तिसऱ्या जातीत 'नवं गाव' घालूया का? माणसं कुठेही गेली की पहिलं नाव हेच सुचतं. रशियातलं नोवगोरोद म्हणजे नवं शहर. आपलं नवापूर तेच. कार्थेज हे फिनिशियन भाषेत 'कर्त-हदश्त', नवं शहरच. मग कार्थेजवाल्यांनी स्पेनमध्ये वस्ती केली तिलाही तेच नाव, रोमन लोकांनी घोळ टाळायला तिला 'नवं कार्थेज' म्हटलं, म्हणजे अर्थ लावला तर नवं नवं शहर झालं. तेच आजचं कार्ताहेना. आणि स्पॅनिश लोकांनी १५३३ मध्ये ते उचलून कोलंबियाच्या किनाऱ्यावर नेलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते इटलीतलं नेपल्स आणि पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस. ही दोन्ही नावं एकच आहेत! दोन्हीचं मूळ ग्रीक 'नेआपोलिस', नवं शहर. अरबीत प नाही म्हणून त्याचा ब झाला, मधलं सगळं आवळलं गेलं आणि नाब्लुस उरलं. वरवर बघून कुणी ही जोडी लावली असती का?

जुनीलिपी

वाटाड्या, शाब्बास, हेच मला म्हणायचं होतं. ऐकायला सारखी असलेली नावं बहुतेक वेळा परकी निघतात आणि सख्खी भावंडं ओळखूच येत नाहीत. तुमच्या त्या 'पोलिस'चं आणि आपल्या 'पुर'चं मूळ एकच धरतात. आणि शिलाहारांच्या लेखांतलं 'श्रीस्थानक' झिजून आपलं ठाणे झालं, त्यातलं स्थान आणि अफगाणिस्तानमधलं स्तान हेही एकाच घरातले, संस्कृत आणि फारसी बहिणी आहेत म्हणून.

एक माझ्याकडून शेवटचं. संगमनेर, पारनेर, जामनेर, पिंपळनेर यातलं 'नेर' म्हणजे नगर. प्राकृतात ग गळून 'नयर' झालं आणि मग नेर. जुन्नरलाही 'जुनं नगर' असंच मानतात. आता हाच नगर शब्द कंबोडियात गेला, ख्मेर भाषेत त्याचा 'नोकोर' झाला आणि नोकोरचा अंगकोर. म्हणजे पिंपळनेरातलं नेर आणि अंगकोर हा एकच शब्द आहे.

कोरी_पाटी

जुनीलिपी, हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मी ज्या नात्यांसाठी भांडत होते त्यापेक्षा हे किती मोठं आहे आणि खरंही आहे. अजून एक विचारू? बिकानेरमधलं नेर हेच का, आणि मग अजमेर, जैसलमेर?

जुनीलिपी

विचारा की. बिकानेर म्हणजे राव बिकाने वसवलेलं, तिथलं नेर बहुतेक जण नगरच धरतात, पण नेरा नावाच्या जमीनमालकाची एक गोष्टही तिकडे सांगतात. अजमेर, जैसलमेर मात्र वेगळे, तिथे 'मेर' आहे, मेरू पर्वतातला. अजयमेरू आणि जैसलचा मेरू, दोन्हीकडे डोंगरावर किल्ला आहेच. न आणि म चा फरक म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, तिथेच वाट फुटते.

तळटीप

नकाशेवेडा, एक अवघड जोडी देतो, बघा कुठल्या रकान्यात बसते. केरळच्या किनाऱ्यावरचं माहे आणि सेशेल्स देशातलं माहे बेट. बेटाचं नाव १७४४ मध्ये माहे द ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरवरून ठेवलं. केरळ किनाऱ्यावरचं माहे हे मल्याळम 'मय्यळी'. पण हाच अधिकारी तरुणपणी १७२५ च्या सुमारास फ्रेंचांनी मय्यळी घेतली त्या मोहिमेत होता, आणि मय्यळीचं फ्रेंच रूप 'माहे' होण्यात त्याच्या आडनावाचा हात आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय.

नकाशेवेडा

तळटीप, बसत नाही हो कुठल्याच रकान्यात. नाव आधीचं, माणूस दुसरीकडचा, दोघांची गाठ पडली, आणि त्यानंतर नाव बेटावर गेलं. योगायोग आणि नातं एकाच जोडीत. पेन्सिलीने लिहून ठेवलंय, मय्यळीचं फ्रेंच यायच्या आधीचं एखादं लिहिलेलं रूप कुणाच्या वाचनात आलं तर इथेच टाका, मी धागा वर आणत राहीन.